कट न म्हणता

आरशासमोर उभे राहा. आधी आपल्याच डाव्या बुबुळाकडे पाहा, मग उजव्या, मग परत डाव्या. डोळे इकडून तिकडे गेले हे नक्की, पण जाताना ते तुम्हाला एकदाही दिसणार नाहीत. शेजारी कुणी उभं असेल तर त्याला स्पष्ट दिसतील. नजर उडी मारते त्या काही शतांश सेकंदांत मेंदू चित्राकडे काणाडोळा करतो, आणि अशा उड्या आपण सेकंदाला सुमारे तीन मारतो. जागेपणी दिसणारं अखंड जग म्हणजे ठिगळं जोडलेली गोधडीच. पडद्यावरचा ‘कट’, म्हणजे एक शॉट तोडून दुसरा जोडलेली जागा, आपल्याला खुपत नाही, त्यामागे हेही एक कारण असावं.

मग कट नसलेलं पाहताना जीव का घुसमटतो?

मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘अ‍ॅडोलसन्स’ ही ब्रिटिश मालिका आली. शाळेतल्याच मुलीच्या खुनाचा आरोप असलेला १३ वर्षांचा मुलगा, चार भाग, आणि प्रत्येक भाग एकाच शॉटमध्ये. त्यातला दुसरा भाग पोलिसांच्या मागोमाग एका गजबजलेल्या शाळेत फिरतो. एक मुलगा खिडकीतून उडी टाकून पळतो आणि कॅमेराही त्याच्यापाठी खिडकीबाहेर पडतो. प्रत्यक्षात एका कॅमेरामनने तो खिडकीतून दुसऱ्याच्या हातात दिला होता.

हातात कॅमेरा घेऊन पळलं तर चित्र हिंदकळणारच. पण आपण पळताना जग हिंदकळत नाही, कारण डोकं डावीकडे वळलं की डोळे तितकेच उजवीकडे फिरतात. आतल्या कानातल्या संवेदकांकडून निरोप येतो आणि शतांश सेकंदाच्या आसपास दुरुस्ती झालेली असते. गिंबलमध्ये, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या चौकटीत, हेच काम जायरोस्कोप आणि मोटरी करतात. एक अडचण मात्र उरते. चालताना आपलं अख्खं शरीर प्रत्येक पावलाला काही सेंटिमीटर वर-खाली होतं. कॅमेरा तीन अक्षांभोवती कितीही फिरवा, हा हेलकावा जात नाही. म्हणून इथे वापरलेल्या रोनिन फोर-डी कॅमेऱ्याला वर-खाली सरकणारा चौथा अक्ष आहे.

भागाच्या शेवटी हा कॅमेरा ड्रोनला अडकवतात. तो गावावरून उडत जातो आणि जिथे खून झाला तिथे उतरतो. तिथे उभा असलेला माणूस तो सोडवून घेतो आणि फुलं ठेवायला आलेल्या, आरोपी मुलाच्या बापाच्या चेहऱ्याजवळ नेतो. वाऱ्यापुढे मोटरींचं फारसं चालत नाही. आधीच्या काही प्रयत्नांत वाऱ्यामुळे ड्रोन उडवताच आला नाही. पडद्यावर दिसतो तो तेरावा टेक. दर भागासाठी साधारण तीन आठवडे ठेवले होते: एक नटांच्या तालमीचा, एक तंत्राच्या तालमीचा, एक चित्रीकरणाचा.

हा खटाटोप आपल्याकडेही झालाय. बी. पी. सिंग यांच्या ‘सीआयडी’चा १११ मिनिटांचा भाग लोणावळ्यात एका शॉटमध्ये चित्रित झाला आणि ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवला गेला. शिवाजी साटम आणि मंडळींना तेव्हा चार अक्षांचा गिंबल कुठला! अशा चित्रीकरणात शंभराव्या मिनिटाला दार एका धडकेत तुटलं नाही, तर पहिल्या मिनिटापासून सुरुवात. त्या कसरतीचं कौतुक बहुतेक विक्रमापुरतंच राहिलं, याची मला हळहळ वाटते.

घुसमटीचं उत्तर कदाचित पापण्यांत असेल. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी लोकांना मिस्टर बीनची चित्रफीत दाखवली. प्रेक्षकांच्या पापण्या बऱ्याचदा एकाच वेळी मिटत होत्या, आणि तेही कथेत एखादी कृती संपते अशा जागी. आपण नकळत फट शोधतो आणि तिथे क्षणभर विसावतो. कट ही अशीच एक फट. ती बुजवली की प्रेक्षकाला उसंत मिळत नाही. हा माझा तर्क. पण तिसरा भाग पाहताना माझे डोळे खरंच चुरचुरले.

ब्रिटनमध्ये या मालिकेच्या पहिल्या भागाने आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येत पहिला क्रमांक पटकावला. स्ट्रीमिंगवरच्या कार्यक्रमाला तोवर हे जमलं नव्हतं. पुढे ती माध्यमिक शाळांना मोफत दाखवायची सोय झाली.

तिसऱ्या भागात जवळजवळ सगळा वेळ मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ बाई एका खोलीत बसलेले असतात. मध्येच मुलाचं काम करणाऱ्या ओवेन कूपरला खरीखुरी जांभई आली. एरवी ती संकलनाच्या टेबलावर उडाली असती. मानसशास्त्रज्ञाचं काम करणाऱ्या एरिन डोहर्टीने संहितेत नसलेला प्रश्न तिथल्या तिथे टाकला: कंटाळा आला का माझा? मुलगा हसतो, आणि कॅमेरा फिरत राहतो.