पाखरं हाकलणं वेगळं, येऊ न देणं वेगळं

विमानाला पक्षी धडकल्याची बातमी आली की पाठोपाठ सल्ला ठरलेला: ‘फटाके वाजवा, पळतील!’ अहो, फटाके वाजतातच, वर्षानुवर्षं. पण पक्षी हाकलणं आणि पक्षी येऊ न देणं ही दोन कामं आहेत, आणि सल्ला देणाऱ्याच्या डोक्यात दुसरं नसतंच.

हाकलणं तुम्हाला माहीत आहे. ज्वारी दाण्यात आली की मचाण, गोफण, पत्र्याचा डबा. विमानतळावर त्याचंच थोरलं रूप: फटाके, भोंगे, लेझर, गॅसवर बार काढणारी झोन गन. रोजचा बार अंगवळणी पडतो हे बुजगावण्याच्या डोक्यावर कावळा पाहिलेल्याला सांगायला नको.

गोंधळ पुढे होतो. शेतात पाखरू उडालं की काम झालं. धावपट्टीशेजारी उडालं की काळजी तिथून सुरू. गवतात बसलेली टिटवी विमानाला काही करत नाही. बार ऐकून ती उठते, तीही वाऱ्याला तोंड करून. आणि विमानंसुद्धा शक्यतो वाऱ्याला तोंड करूनच उडतात-उतरतात. म्हणजे नको त्याच वेळी दोघांची वाट एक होते. टिटवी आरडाओरडा करत एक फेरी मारते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते. म्हणून हाकलणाऱ्याला आधी विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या टॉवरला विचारावं लागतं, दोन विमानांमधली फट गाठावी लागते. मुंबईत गर्दीच्या तासाला चाळिसाहून जास्त विमानं ये-जा करतात. फट जेमतेम दीड मिनिटाची. तेवढ्यात थवा उठवायचा, लांब वळवायचा आणि तो टेकेपर्यंत नजर हटवायची नाही. शेतकऱ्याची राखण कणसं खळ्यावर आली की संपते. इथे सुगी बाराही महिने.

येऊ न देण्याच्या कामाला आवाज नाही, म्हणून त्याचा फोटोही छापून येत नाही. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या, गांडुळं, बेडूक वर येतात; मागोमाग गायबगळे, टिटव्या, घारी. आपल्याकडे पावसाळ्यात धडका वाढतात त्यात या पंगतीचा मोठा हात. तेव्हा खरं काम असतं नाल्याच्या उतारात, पाणी साचणाऱ्या खड्ड्यात आणि गवतात. ब्रिटनमध्ये गवत 15 ते 20 सेंटिमीटर ठेवतात, कारण तिथल्या पक्ष्यांना त्यात बसलं की आजूबाजूचं दिसत नाही. हा आकडा इथे जसाच्या तसा चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो. जुलैत आपलं गवत बघता बघता गुडघ्याला लागतं, आणि आत उंदीर पोसले की घारीला आवतण.

कुंपणाबाहेरची गोष्ट त्याहून मोठी. विमान नियम 1937 मधल्या 91व्या नियमात विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत जनावरं कापायला-सोलायला आणि पक्षी ओढणारी घाण टाकायला मनाई आहे. देवनारचं डम्पिंग ग्राउंड मुंबई विमानतळापासून सरळ रेषेत या अंतराच्या आतच येतं. घार कचऱ्यावर पोट भरते आणि ऊन तापलं की गरम हवेवर गोल गोल वर चढत जाते. तिथे तिला कुठला फटाका ऐकवणार?

येऊ न देणं पक्ष्यांपुरतंच नाही. धावपट्टीवर घुसणाऱ्या कुत्र्यांचं तर सोपं आहे, भिंत धड ठेवायची. तीही ठेवत नाहीत: नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर कुत्रं दिसलं आणि उतरायला आलेलं विमान बंगळुरूला परत गेलं.

आता ‘येऊ न देणं’ म्हणजे पाणथळ बुजवणं, असा अर्थ मात्र काढू नका. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवरून उतरणाऱ्या विमानाला रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा धडकला, तीसहून जास्त पक्षी मेले. असं काही झालं की कुणीतरी ‘तळीच नकोत’ म्हणतंच. कचरा आणि तळं एक नव्हे. कचऱ्याचा ढीग ही आपली घाण, ती उचलायचीच. रोहित ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीने चिखल बुडाला की टेकायला तळ्याकडे जातात. तळं बुजलेलं दिसलं तर ते हवेतच राहतील, दुसरी जागा शोधत. आणि विमानतळाच्या कुंपणात साचलेलं पाणीही वरून तळ्यासारखंच दिसतं.