फायरफायटरची डिसॅबिलिटी पेन्शन: इलिनॉयमधल्या गावच्या बोर्डात अर्ज कसा जातो आणि निकाल कसा लागतो

इलिनॉयमध्ये शिकागो सोडलं तर बहुतेक शहरांत फायरफायटर कायमचा जायबंदी झाला की त्याला पेन्शन द्यायची का नाही हे राज्य सरकार ठरवत नाही, गावातलंच पाच जणांचं पेन्शन बोर्ड ठरवतं. दोन जण मेयरने नेमलेले, दोन ड्युटीवरच्या फायरफायटरांनी निवडून दिलेले, आणि एक रिटायर्ड मंडळींचा, मुदत तीन वर्षं. नेपरव्हिल, ऑरोरा, शॉम्बर्ग या पट्ट्यात आपली मराठी माणसं बरीच आहेत आणि फायनान्समधला माणूस दिसला की गावाला तो अशा कमिटीवर हवाच असतो, तेव्हा हे काम कधीतरी तुमच्याही गळ्यात पडू शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे सरकारी नोकरीत रुग्णता निवृत्तिवेतन म्हणजे मेडिकल बोर्डाचा दाखला आणि खात्याची ऑर्डर, विषय संपला. इथे मात्र पाच साधी माणसं जज्जासारखी बसतात, साक्ष घेतात, डॉक्टरांचे रिपोर्ट वाचतात आणि मत देतात.

२०१९ च्या कायद्याने राज्यभरच्या या बोर्डांच्या पेन्शन फंडांचे पैसे एकत्र गुंतवायला सुरुवात झाली, त्यामुळे पुष्कळांचा समज झालाय की लोकल बोर्डं आता नावापुरती उरली. तसं नाही. गुंतवणूक गेली, पण क्लेमचा निकाल अजून गावातच लागतो. नवीन ट्रस्टीला, म्हणजे बोर्डाच्या सदस्याला, सुरुवातीला १६ तासांचं ट्रेनिंग आणि नंतर दरवर्षी ८ तासांचं कंपलसरी आहे, आणि ते झोपा काढत करू नका, कारण यातलंच सगळं पुढे लागतं.

कुठल्या प्रकारची पेन्शन मागायची हे अर्जातच लिहावं लागतं. सगळ्यात मोठी लाइन ऑफ ड्युटी. कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीतून, किंवा अशा कृतींचा वर्षानुवर्षं साठत गेलेला परिणाम म्हणून, शरीराने किंवा मनाने कायमचं अपंगत्व आलं तर पगाराच्या ६५ टक्के मिळतात (रिटायरमेंटची पेन्शन त्याहून जास्त बसत असेल तर ती मिळते). पगार म्हणजे पेरोलवरून काढलं त्या दिवशी जी रँक होती तिचा पगार. याला किमान नोकरीची अट नाही, कामाला लागून चार महिने झालेल्या पोराचं छत अंगावर कोसळलं तरी तो अर्ज करू शकतो. दुसरी ऑक्युपेशनल डिसीजची, तीही ६५ टक्क्यांची, पण निदान ५ वर्षं सर्व्हिस हवी. यात हार्ट, स्ट्रोक, टीबी, फुप्फुसाचे आजार आणि उष्णता, रेडिएशन किंवा माहीत असलेल्या कॅन्सरकारक पदार्थांमुळे होऊ शकणारे कॅन्सर येतात. इथे कायदा फायरफायटरच्या बाजूने गृहीत धरून चालतो की आजार नोकरीमुळेच झाला, मात्र समोर भक्कम पुरावा आला तर ते गृहीतक मोडतं. तिसरी नॉट इन ड्युटी, म्हणजे रविवारी घराच्या छपरावरून पडला वगैरे. तिला ७ वर्षं सर्व्हिस लागते आणि मिळतात ५० टक्के. टक्क्यांचा फरक १५ चा दिसतो पण लाइन ऑफ ड्युटीवर साधारणपणे फेडरल इन्कम टॅक्स नसतो आणि ५० टक्केवालीवर असतो, त्यामुळे हातात पडणाऱ्या पैशातला फरक बराच मोठा होतो आणि भांडण जवळजवळ नेहमी यावरच असतं. शहाणे वकील एकाच अर्जात दोन्ही मागतात, मुख्य मागणी लाइन ऑफ ड्युटी आणि ती नाही जमली तर नॉट इन ड्युटी.

अर्ज करताना नोकरीत असणं महत्त्वाचं आहे. आधी राजीनामा दिला किंवा काढून टाकलं आणि मग अर्ज केला तर दार बंद, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच हे ठरवून टाकलंय. कुणी वैतागून "जाऊ दे, सोडतोच नोकरी" म्हणत असेल तर त्याला आधी अर्ज टाकायला सांगा.

कागदांबद्दल. बोर्डाचा फॉर्म, जॉइनिंगची तारीख आणि रँक, म्युनिसिपालिटीकडून पगाराचा दाखला आणि पेरोलवरून कधी काढलं त्याची तारीख, फायर डिपार्टमेंटमधलं कामाचं लिखित वर्णन, उपचार केलेल्या सगळ्या डॉक्टरांची नावं आणि त्यांचे रेकॉर्ड मिळवायला सही केलेली परवानगी, वर्कर्स कॉम्पची (कामावर लागलं तर मिळणाऱ्या भरपाईची) फाइल, मुलं लहान असतील तर जन्मदाखले. हे सगळं लागतंच. पण माझ्या मते फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे त्या दिवशीचा इंज्युरी रिपोर्ट, आणि नेमका तोच लोक कसातरी दोन ओळींत उरकतात. समजा रात्री दोनला अँब्युलन्सचा कॉल आला (इथे हे कामही बऱ्याचदा फायरफायटरच करतात), तिसऱ्या मजल्यावरून दीडशे किलोचा पेशंट स्टेअर चेअरवरून उतरवताना फायरफायटरची कंबर धरली. फायरहाउसचा स्वभाव असा की "होईल ठीक" म्हणून गडी शिफ्ट पूर्ण करतो, रिपोर्ट तीन दिवसांनी, त्यातही फक्त "पाठ दुखते". मग एमआरआय होतो आणि त्यात मणक्याची जुनी झीज दिसते, चाळिशीतल्या कुणाच्याही एमआरआयमध्ये दिसेल तशी. दोन वर्षांनी हिअरिंगमध्ये सगळे विचारतात की ही झीज आधीचीच ना, पेशंट उचलण्याचा काय संबंध? त्या रात्रीच्या रिपोर्टमध्ये वेळ, मजला, वजन, सोबत कोण होतं आणि कळ पायात गेली का एवढं लिहिलेलं असतं तर हा प्रश्न तिथेच निम्मा सुटला असता. अँब्युलन्सचा रन रिपोर्ट तरी जोडा, कॉल झाला होता हे त्यातून सिद्ध होतं. आणि झीज आधीची होती एवढ्यावरून क्लेम पडत नाही बरं का, ड्युटीवरच्या कृतीने जुनं दुखणं वाढून माणूस निकामी झाला असेल तरी लाइन ऑफ ड्युटी मिळू शकते. ट्रस्टी मंडळी हे हटकून विसरतात.

अर्ज पूर्ण झाला की बोर्ड स्वतःच्या खर्चाने तीन डॉक्टरांकडे पाठवतं. डॉक्टर बोर्डाने निवडलेले, अर्जदाराचे नाहीत. तिघांचं एकमत व्हायलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. दोघं म्हणाले कायमचा अनफिट आणि तिसरा म्हणाला वर्क हार्डनिंग (कामाची ताकद परत आणायचे व्यायाम) करून सहा महिन्यांत परत येईल, तर बोर्डाला तिसऱ्याचं ऐकायचीही मुभा आहे, पण मग त्याचंच का ऐकलं हे लिहून दाखवावं लागतं. २००७ मध्ये नॉर्थ शिकागोच्या पोलीस पेन्शन बोर्डाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बोर्डाचा नकार उलटवला, कारण बाकीचे डॉक्टर एका बाजूला असताना बोर्ड एकाच डॉक्टरच्या डळमळीत मतावर टेकलं होतं. केस पोलिसांची असली तरी फायरवाल्या बोर्डांचे वकीलही ती सारखी काढतात. रिपोर्ट वाचताना शेवटचं कन्क्लूजन वाचून थांबू नका, डॉक्टरला कुठले रेकॉर्ड दिले होते ती यादी आधी बघा. सर्जरीचे पेपर न वाचताच मत दिलेले डॉक्टर मिळतात, आणि फायरफायटर म्हणजे नेमकं काय उचलतो हे माहीत नसलेलेही मिळतात. त्यांना जॉब डिस्क्रिप्शन पाठवलं होतं का हे बोर्डाच्या सेक्रेटरीला विचारा.

हिअरिंग एखाद्या छोट्या कोर्टासारखंच असतं. शपथ, शब्द न शब्द टिपणारी कोर्ट रिपोर्टर, एक्झिबिटला नंबर, अर्जदाराचा वकील, बोर्डाचा वकील. पुरावा द्यायची जबाबदारी अर्जदाराची. बोर्डापुढचे प्रश्न क्रमाने घ्यावेत: अपंगत्व आहे का, ते कायमचं आहे का, त्यामुळे फायर डिपार्टमेंटची सर्व्हिस अशक्य झाली का, आणि मग कारण काय. तिसऱ्या प्रश्नात एक खोच आहे. कोर्टांनी सर्व्हिस म्हणजे फक्त होस धरून आगीत शिरणं असा अर्थ घेतलेला नाही, त्यामुळे फायर चीफने फायर प्रिव्हेन्शनसारखी (आग लागू नये म्हणून करायच्या कामाची) खरी पोस्ट देऊ केली असेल तर ते महत्त्वाचं ठरतं. पण हिअरिंग तोंडावर आल्यावर अचानक उगवलेली डेस्कची पोस्ट खरी आहे का, बजेटमध्ये आहे का, हेही विचारायला लाजू नका.

कारणाच्या प्रश्नावर तर सगळ्यात जास्त क्लेम अडकतात. ड्युटीवर असताना लागलं एवढं पुरत नाही, लागलं ते ड्युटीच्या कृतीतून लागायला हवं. चीफने मंजूर केलेल्या कामावर गावाबाहेर असलात तरी ड्युटीवरच धरतात, ट्रेनिंगचा ड्रिलही बहुधा बसतो, पण स्टेशनच्या किचनमध्ये खुर्चीवरून उठताना लचक भरली की वाद सुरू.

ट्रस्टीची खरी परीक्षा हिअरिंगच्या बाहेर असते. गाव लहान, अर्जदार किराणा दुकानात भेटतो, त्याची बायको मुलांच्या शाळेत भेटते, आणि निवडून आलेले दोघं तर त्याच्याच शिफ्टवर जेवलेले. केसबद्दल बाहेर एक शब्द बोलायचा नाही, आपल्या मनाने डॉक्टरला गूगल करायचं नाही, "मी त्याला मागच्या महिन्यात होडी ओढताना बघितलं" हे मनात ठेवून मत द्यायचं नाही. ते रेकॉर्डवर साक्ष म्हणून यायला हवं, म्हणजे अर्जदाराला उत्तर देता येईल. अगदी जवळचा संबंध असेल तर बाजूला व्हा. मेयरने नेमलेल्यांवर वेगळंच प्रेशर, कारण फायरफायटर पगाराचे ९.४५५ टक्के फंडात भरतात आणि उरलेला भार प्रॉपर्टी टॅक्सवर येतो, मग सिटी हॉलमधून कुणीतरी हळूच आकडे सांगतं. कायद्याने तुमची निष्ठा फंडाच्या मेंबरांशी आहे, ज्याने नेमलं त्याच्याशी नाही. याचा अर्थ प्रत्येकाला हो म्हणा असाही नाही, चुकीचा क्लेम पास केला तर तो बाकीच्या मेंबरांच्याच फंडातून जातो.

चर्चा बंद दाराआड चालते पण मत उघड मीटिंगमध्ये, आणि निकाल कारणांसकट लेखी. अर्जदाराला तो पटला नाही तर लेखी निकाल बजावल्यापासून ३५ दिवसांत सर्किट कोर्टात जावं लागतं, आणि ही मुदत खरंच कडक आहे. कोर्ट नवीन पुरावा घेत नाही, बोर्डापुढे जे आलं तेवढंच वाचतं, म्हणून अपिलात डॉक्टर आणू म्हणणाऱ्यांचं काही खरं नाही.

मंजूर झालं तरी पन्नाशीपर्यंत दरवर्षी मेडिकल तपासणी होतेच. बरा झाला असं सिद्ध झालं तर पेन्शन थांबते आणि खात्याला त्याला जुन्या रँकवर परत घ्यावं लागतं. वर्कर्स कॉम्पचे पैसे मिळत असतील तर त्या प्रमाणात पेन्शन कमी होते, हे घरात आधीच सांगून ठेवा. हेल्थ इन्शुरन्सचा मामला तर पूर्ण वेगळा. पब्लिक सेफ्टी एम्प्लॉयी बेनिफिट्स अॅक्टखाली गावाने कुटुंबाचा प्रीमियम भरायचा असतो, पण त्यासाठी लाइन ऑफ ड्युटी मिळणं पुरेसं नाही, दुखापत इमर्जन्सी वाटणाऱ्या कॉलला धावताना वगैरे झालेली असावी लागते, आणि ते पेन्शन बोर्ड ठरवत नाही, गाव ठरवतं. त्याचा अर्ज वेगळा, गावाकडेच करायचा.