मॅनेजर गेला, सोबत काय गेलं? स्पर्धाबंदी आणि गोपनीयता

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा जनरल मॅनेजर राजीनामा देतो आणि महिनाभरात चिंचोलीला दुसऱ्याच्या ऑफिसात बसलेला दिसतो. मालक तावातावाने नेमणुकीचा कागद काढतात. 'सोडल्यावर दोन वर्षं या धंद्यात काम करणार नाही.' खाली सहीसुद्धा आहे!

आहे; पण ती उपयोगाची नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ कुणालाही आपला धंदा-रोजगार करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरवतं. नोकरी संपली की स्पर्धाबंदीही संपली, मग पगार लाखाचा असो की दहा लाखांचा.

गोपनीयतेचं कलम बहुधा त्याच पानावर, त्याच परिच्छेदात असतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. गोपनीयतेचं मात्र नोकरी सुटल्यावरही लागू राहतं. कुठल्या निर्यात-ग्राहकाला काय भाव, किती दिवसांची उधारी, रंगाची रेसिपी, बाजारात न आलेलं जॅकार्ड (विणलेल्या नक्षीचं) डिझाइन, हे मालकाचं. टॉवेल चिमटीत धरून जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन) सांगणारी बोटं मात्र मॅनेजरची. ती गेटवर जमा करून घेता येत नाहीत. ग्राहकाचं नाव अख्ख्या बाजाराला माहीत असेल तर ते कसलं गुपित? त्या नावापुढे दर लिहिलेली फाइल पेनड्राइव्हवरून गेली, तर गोष्ट वेगळी.

मालकांच्या बाजूने १९६७ चा सेंच्युरी स्पिनिंगचा निकाल हमखास पुढे केला जातो. टायर कॉर्डच्या (टायरला बळकटी देणाऱ्या) सुताचं प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कारखान्यात गेला आणि सुप्रीम कोर्टाने त्याला अडवलं, हे खरं. पण त्याने पाच वर्षांचा करार अर्ध्यातच सोडला होता आणि बंदीही त्या पाच वर्षांपुरतीच होती. एवढी ओळ सांगायची राहून जाते.

भागीदाराचं गणित निराळं. बाहेर पडणाऱ्या भागीदारावर वाजवी मुदतीची किंवा हद्दीची बंदी १९३२ च्या भागीदारी कायद्याला चालते. आपल्याकडे घरच्या फर्म्स जास्त, भागीदार आणि मॅनेजर दोघांचे कागद एकाच नमुन्यावरून टाइप होतात. घोळ तिथूनच.

मॅनेजरला खरोखर थांबवायचं असेल, तर माझ्या मते नोटीस तीन महिन्यांची ठेवावी आणि त्या काळात पूर्ण पगार देऊन त्याला घरी बसवावं. तोवर तो तुमचाच नोकर असतो, आणि त्याच्या डोक्यातले सुताचे भाव शिळे झालेले असतात.