निळा खडा, पण तांब्याचा नव्हे

आमच्या इमारतीतला आठवीतला एक मुलगा परवा कागदाच्या पुडीत एक दगड घेऊन आला. पांढुरक्या स्फटिकांवर वाटाण्याएवढा एक निळाशार गोळा बसला होता. "काका, आजोबा म्हणतात हे मोरचूद आहे, हात लावू नको." मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, आणि निळं दिसलं की तांबं, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. त्या दगडात तांबं नव्हतं. तो होता कॅव्हनसाइट, आणि जगातले त्याचे सर्वांत देखणे नमुने पुण्याच्या नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या दगडखाणींतून आलेले आहेत.

हे नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तिघांच्या आद्याक्षरांतून बनवलं. शास्त्रीय वर्णन 1973 साली झालं, तेही अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या बारीक स्फटिकांवरून. वाघोलीला मात्र त्याचे फुलासारखे गुच्छ मिळाले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण थंड झाला, मग त्यातल्या पोकळ्यांतून आणि भेगांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं. त्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारख्या गारगोट्या जमल्या आणि त्यांच्या सोबतीला क्वचित हा निळा पाहुणा.

आता तो निळा का, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. व्हॅनेडियमच्या अणूत बंधांसाठी पाच इलेक्ट्रॉन असतात. कॅव्हनसाइटमध्ये त्यातले चार गेलेले असतात आणि एकच उरतो. तो राहतो डी-कक्षिकांमध्ये, म्हणजे अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या ठरावीक आकाराच्या जागांमध्ये. अशा पाच कक्षिका असतात आणि अणू एकटा असता तर पाचांची ऊर्जा सारखीच राहिली असती. पण इथे व्हॅनेडियमभोवती पाच ऑक्सिजन आहेत, चौरस पायाच्या पिरॅमिडसारखे. चार पायाशी, साधारण 2 अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाचवा शिखरावर, फक्त 1.6 अँगस्ट्रॉमवर, अगदी खेटून. ऋणभारित शेजारी ज्या कक्षिकेच्या तोंडासमोर येतात तिची ऊर्जा वाढते, ज्या कक्षिका त्यांच्यामधल्या फटीत मावतात त्यांची कमी राहते. पाच पायऱ्या वरखाली होतात. एकटा इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवरून वर उडी मारताना प्रकाशातला तेवढ्याच ऊर्जेचा तुकडा गिळतो, तो नारिंगी-लाल बाजूचा. आपल्या डोळ्यापर्यंत उरतो तो निळा.

मोरचुदात हाच खेळ उलटा आहे: तांब्याच्या आयनात नऊ डी-इलेक्ट्रॉन आणि एक जागा रिकामी. रंग जुळतात ते त्यामुळे. आणि पिरॅमिडची ठेवण शिखराच्या दिशेला वेगळी असल्यामुळे कॅव्हनसाइटचा सुटा पातळ स्फटिक पोलरॉइड काचेतून (जी एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देते) पाहताना काच फिरवली, तर निळा रंग जवळपास नाहीसा होतो आणि परत येतो. पुण्याच्या प्रसिद्ध हिरव्या अपोफिलाइट या खनिजाचा रंगही अशाच व्हॅनेडियमचा, फक्त तिथे तो अल्प प्रमाणात असतो.

ओळख पटवायची तर काठिण्य पाहा, पण चांगल्या स्फटिकावर नव्हे, फुटलेल्या कणावर. मोह्‌सच्या मापावर हे खनिज 3 ते 4. नखाने ओरखडा उठत नाही, चाकूच्या टोकाने सहज उठतो. मात्र तांब्याचं निळं अझुराइटही एवढंच मऊ असतं, म्हणून नुसत्या चाकूवर विसंबू नका. अझुराइट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसतं, मोरचूद पाण्यात विरघळतं, कॅव्हनसाइट यातलं काही करत नाही. सगळ्यांत मोठी खूण म्हणजे सोबत: काळा पाषाण, पांढऱ्या गारगोट्या, वर निळे गुच्छ. लांबट पात्यांसारखे निळे स्फटिक दिसले तर ते पेंटागोनाइट असू शकतं. रासायनिक सूत्र तेच, अणूंची मांडणी वेगळी.

खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, आणि सुरुंग लावायच्या दिवशी तर नाहीच. निळ्या गोळ्याला छिन्नी टेकवू नका, दूरवर घाव घालून आजूबाजूच्या पाषाणासकट तुकडा सोडवा. कापसात गुंडाळू नका, धागे गोळ्याच्या सुईसारख्या स्फटिकांत अडकतात आणि काढताना सुया मोडतात. तळाकडून टिश्यू पेपरचा आधार द्या आणि डब्यात असा बसवा की निळ्या भागाला काही टेकणार नाही.

विकत घेणार असाल तर भिंग बरोबर न्या. सुटे गोळे गारगोटीवर डिंकाने चिकटवून विकले जातात. बुडाशी चकाकती कड किंवा बुडबुडे दिसले तर शंका घ्या. 'आज्ञाचक्र उघडतं' म्हणून जास्त किंमत मागणाऱ्याला एक पैसाही जादा देऊ नका. त्याच्या निळ्या रंगात जे आहे ते त्या एका इलेक्ट्रॉनचं आहे, आणि कपाळावर दगड ठेवल्याने त्यात काहीही भर पडत नाही.

त्या मुलाला मी एक चिठ्ठी करायला लावली: कोणत्या खाणीतून, कोणत्या तारखेला, कसल्या खडकातून. पहिल्या रकान्यात त्याने लिहिलं, 'मामाच्या ट्रकमधल्या खडीतून.' आता मामाला विचारायचं आहे, खडी कोणत्या क्रशरची.