कॅटेगरी लागली म्हणजे बोर्ड आउट नव्हे

फौजेतला पुतण्या चतुर्थीच्या सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेत एक प्लास्टिकची फाइल होती. रात्रीच्या आरतीनंतर माणसं पांगली, तशी त्याने ती पडवीत माझ्यापुढे उघडली. वरच्याच कागदावर निदानाच्या रकान्यात 'टाइप-२ मधुमेह' आणि त्यापुढे 'पी-२ (पर्मनंट)'. वयनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "आता ह्येका घरी धाडतले मां?" एवढंच तिने विचारलं.

मी पलटणीत क्लार्क होतो. असले कागद टाइप करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून तिला तिथल्या तिथे 'नाय' म्हणून सांगू शकलो. पण सिंधुदुर्गात घरोघरी हाच समज आहे. 'कॅटेगरी लागली', म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली आला, आणि 'बोर्ड आउट झाला', म्हणजे आजारामुळे फौजेतून काढलं, हे गावात एकाच अर्थाने बोललं जातं. एकदा ते तोंडातोंडी झालं की आलेलं स्थळ मागे फिरतं, कर्जाला जामीन राहणारा कचरतो. त्याहून वाईट म्हणजे जवान स्वतःच नोकरी गेली असं धरून चालतो आणि कुठेही सही करतो.

फौजेत तब्येत 'शेप'च्या पाच अक्षरांत मोजतात. एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी शरीरातल्या व्याधी, ई डोळे. प्रत्येकापुढे १ ते ५ यांतला आकडा. सगळे १ असले तर तो 'शेप वन'. मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार हे सगळं 'पी'खाली येतं. तिथला आकडा २ किंवा ३ झाला की कॅटेगरी लागली. पहिल्यांदा ती बहुधा २४ आठवड्यांसाठी तात्पुरती असते. आजार जाणारा नाही असं दिसलं तर पर्मनंट होते, आणि तीही दर दोन वर्षांनी पुन्हा तपासली जाते. या सगळ्या काळात माणूस नोकरीत असतो, पगार चालू असतो. बदलतं ते काम. फार उंचावरची पोस्टिंग नको, अमुक ड्यूटी नको, अशी बंधनं कागदावर येतात. बढती आणि मुदतवाढीत अडथळा येऊ शकतो आणि त्याचं दुःख मोठं असतं, ते मी हलकं करून सांगणार नाही.

बोर्ड आउट होणं ही वेगळीच प्रक्रिया. फौजेच्या कुठल्याच कामाला हा माणूस आता कायमचा योग्य नाही, असं इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाने, म्हणजे त्यासाठी बसलेल्या फौजी डॉक्टरांच्या मंडळाने, ठरवावं लागतं. शेपमधला ५ हा आकडा त्याचाच. दोन्हींतला फरक कागदावरच दिसतो. कॅटेगरी लावण्याचा किंवा बदलण्याचा बोर्ड एएफएमएसएफ-१५ या फॉर्मवर होतो. फौजेतून निघण्याचा बोर्ड, मग मुदत संपून असो की आजारामुळे, एएफएमएसएफ-१६ वर. पुतण्याच्या फाइलीत १५ नंबर होता. मी त्या आकड्यावर बोट ठेवून वयनीला दाखवलं.

या दोहोंच्या मधे एक अडचणीची जागा आहे. कॅटेगरीवाल्या जवानाला त्याच्या तब्येतीला झेपेल असं काम पलटणीत नाही, म्हणून त्याला डिस्चार्ज देतात. असंच एका नायब सुभेदाराच्या बाबतीत झालं. हृदयविकारामुळे तो पर्मनंट लो मेडिकल कॅटेगरीत होता आणि त्याला नुसता रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे निघतानाची नेहमीची तपासणी, करून काढलं. २००८ साली राजपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशाला इनव्हॅलिडिंग बोर्डाच्या शिफारशीशिवाय काढता येत नाही. या निकालाची माहिती कॅटेगरी लागलेल्या प्रत्येकाला असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कारण नेमक्या याच वेळी 'मला पुढे नोकरी करण्याची इच्छा नाही' असा कागद पुढे येऊ शकतो. त्यावर सही केली की आपण स्वतःच्या मर्जीने गेलो अशी नोंद होते. घरच्या काळजीने आणि आजाराच्या धसक्याने खचलेला पोरगा तेव्हा नीट वाचतसुद्धा नाही. पुतण्याला मी तीनदा विचारलं, असला कागद दिलास का? नाही म्हणाला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

खरोखर बोर्ड आउट झालाच, तर सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपतं: आजार नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीमुळे वाढला का? दोन्हींपैकी एकालाही 'हो' असेल आणि अपंगत्व २० टक्के किंवा जास्त ठरलं, तर डिसॅबिलिटी पेन्शन मिळते. तिचे दोन भाग, नोकरीपोटी सर्व्हिस एलिमेंट आणि अपंगत्वापोटी डिसॅबिलिटी एलिमेंट. बोर्ड आउट झालेल्याला त्यातल्या सर्व्हिस एलिमेंटसाठी किमान नोकरीची अट नाही. दोन्हींना 'नाही' असेल तर उरते इनव्हॅलिड पेन्शन. तिला पूर्वी १० वर्षं नोकरी लागायची, त्याआतल्याला फक्त ग्रॅच्युइटी मिळे. जुलै २०२० मध्ये सरकारने ही अट शिथिल केली, पण ती ४ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर नोकरीत असलेल्यांसाठी आणि नागरी नोकरीलाही कायमचे असमर्थ ठरलेल्यांसाठी.

'आजार शांत ठिकाणी सुरू झाला, सबब नोकरीशी संबंध नाही' अशी एक ओळ बोर्डाच्या कागदांत मी कितीदा टाइप केली असेन. शांत ठिकाण म्हणजे पीस स्टेशन, लढाईच्या भागाबाहेरची पोस्टिंग. तेव्हा तिचं वजन मला कळलं नव्हतं. फिट्सच्या आजारामुळे बोर्ड आउट झालेल्या धरमवीर सिंग यांच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी पेन्शन कुणाला मिळते ते ठरवणाऱ्या १९८२ च्या नियमांवर बोट ठेवलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं आणि शाबितीचा बोजा जवानावर टाकायचा नाही. आता निघणाऱ्यांना २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे नवे नियम लागू आहेत, तेव्हा जुन्या निकालाची झेरॉक्स घेऊन धावण्याआधी ते कुणाकडून तरी समजून घ्या. त्यांत शब्दही बदललेत. कॅटेगरीसह मुदत पूर्ण करून निघालेल्याला मिळणाऱ्या रकमेला आता इम्पेअरमेंट रिलीफ म्हणतात.

दावा नाकारला गेला तर पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. सुरुवात मात्र जवळून करावी. ओरोस, रत्नागिरी, अलिबाग इथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. दापोलीला ब्रिटिश काळात पेन्शनर शिपायांची वस्ती होती, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजीही निवृत्तीनंतर तिथे राहिले. पेन्शनीचे कागद या किनाऱ्याला नवे नाहीत, तरी अजून ते ट्रंकेच्या तळाशी कापडात बांधून ठेवतात आणि वेळेला सापडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुडाळला जाऊन आम्ही फाइलीतल्या प्रत्येक पानाच्या दोन-दोन प्रती काढल्या. भरतीच्या मेडिकलचा कागद त्यात नव्हता, तो मागण्यासाठी अर्ज लिहून दिला. संध्याकाळी शेजारीण विचारायला आली तेव्हा वयनीच पुढे झाली. "नोकरी आसा," तिने सांगितलं, आणि आत जाऊन बॅगेत भरलेला खाज्याचा पुडा काढून त्या जागी कुळथाच्या पिठीची पिशवी ठेवली.