व्हाळ आटण्याआधी घाला वनराई बंधारा

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. इथला जांभा खडक सच्छिद्र, भेगाळ. त्यात उतार तीव्र. मुरलेलं पाणी फार काळ थांबत नाही, झऱ्यांवाटे व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि तिथून खाडीला जातं. वनराई बंधारा म्हणजे माती-वाळूच्या गोण्या रचून व्हाळात घातलेला तात्पुरता बांध. तो अडवतो ते हेच मागाहून झिरपणारं पाणी, पुराचं नव्हे. म्हणून सगळी मदार वेळेवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला घाई केली तर परतीच्या पावसाची एक जोरदार सर बंधारा घेऊन जाते. डिसेंबर उजाडला तर अडवायला धारच उरत नाही. भातकापणी उरकली की कामाला लागावं.

जागा निवडताना पात्राचा उतार बघा. शंभर मीटरला दोन मीटर उतार असेल तर मीटरभर उंचीच्या बंधाऱ्यामागे 50 मीटर पाणी तुंबतं. पाच मीटर उतार असेल तर जेमतेम 20. पात्र 5 मीटर रुंद धरलं, तर पहिल्या जागी साधारण सव्वा लाख लिटर साठा होतो. भेगाळ कातळावर मात्र बांधू नका, पाणी खालून निघून जाईल.

अशा बंधाऱ्याला सिमेंटच्या किंवा खताच्या सुमारे 200 रिकाम्या गोण्या लागतात. तळाला रुंदी 1.8 मीटर, माथ्याला 0.6. गोणी तोंडापर्यंत भरू नये. पाऊण भरून शिवली की चपटी बसते, फटी कमी राहतात. निव्वळ वाळू भरली तर बंधारा पाझरतो, माती मिसळावी. चिऱ्यांच्या भिंतीसारखे सांधे मोडत थर लावायचे आणि मधल्या फटींत चिकणमाती ठेचायची. पाण्याच्या अंगाला प्लास्टिकचा कागद लावून त्याची खालची कड चरात गाडायची.

फसतं ते बहुधा तळाशी. पालापाचोळा आणि सुटी रेती न काढता पहिला थर टाकला, तर त्याच थरातून पाणी वाट काढतं आणि दोन दिवसांत बंधारा बसतो. दुसरी खोड काठांची: दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर खोदून शिरवली नाहीत, तर पाणी वळसा घालून काठच कापतं. माथा मधोमध एक थर खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी तिथूनच सांडेल.

गोण्या आणि श्रमदानाची माणसं यांसाठी ग्रामपंचायतीत आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) आधीच बोलून ठेवावं. ऐन हंगामात गोण्या मिळत नाहीत. वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, उतारावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले) खणायचे असतील, तर त्यांची आखणीही त्याच भेटीत विचारून घ्यावी.

मे संपण्याआधी बंधारा मोकळा करा. उन्हाने गोण्या विरतात आणि जूनच्या पहिल्या पुराला अडथळा सापडला, तर तो शेजारच्या मळ्यात शिरतो.