उकरलेल्या जमिनीवरची जाळी

रानटी ब्लॅकबेरीला 'रानटी' म्हणावं की नाही, असा प्रश्न पडतो. जुन्या, दाट जंगलात ती फारशी फोफावत नाही, कारण तिथे पुरेसं ऊन मिळत नाही. ती माजते ती तोडलेल्या जंगलाच्या जागी, रेल्वेच्या भरावावर, कसायचं सोडलेल्या शेतात, मातीच्या ढिगाऱ्यांवर.

याचं कारण तिच्या वाढीच्या रीतीत आहे. मूळ वर्षानुवर्षं जगतं, पण वरच्या काटेरी फांदीचं आयुष्य साधारण दोनच वर्षांचं. पहिल्या वर्षी नुसती पानं. दुसऱ्या वर्षी फुलं, फळं आणि मग ती वाळून जाते. वाकलेल्या फांदीचं टोक मातीला टेकलं की तिथेच मुळं फुटतात आणि झुडूप एक पाऊल पुढे सरकतं. वाळक्या फांद्या आत साचत राहतात आणि माणसाला शिरता येणार नाही अशी जाळी तयार होते. बियांचा प्रवास पक्ष्यांच्या आणि कोल्ह्यांच्या पोटातून होतो. कवच टणक असल्यामुळे त्या मातीत कित्येक वर्षं पडून राहू शकतात.

माणसाची आणि तिची ओळख फार जुनी. डेन्मार्कमध्ये 1835 साली दलदलीत एका स्त्रीचा मृतदेह सापडला, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. तिच्या पोटात भरड धान्याबरोबर ब्लॅकबेरीचेही अंश निघाले.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये तिला 'रुबस फ्रुटिकोसस' हे शास्त्रीय नाव दिलं आणि पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांची डोकेदुखी सुरू झाली. यातल्या अनेक झुडपांत परागसिंचनानंतरही बीजांडाचं फलन न होता बी तयार होतं. त्यामुळे पानाच्या किंवा काट्याच्या ठेवणीतला बारीकसा फरकही जसाच्या तसा पुढे चालत राहतो. अशा शेकडो 'जाती' युरोपात नोंदल्या गेल्या. त्या ओळखण्याच्या विद्येला 'बॅटॉलॉजी' असं वेगळं नावच आहे.

पुढचा इतिहास माणसाच्या हौसेचा. कॅलिफोर्नियातले वनस्पती-संकरक ल्युथर बरबँक यांनी भारतातून मिळवलेल्या बियांपासून वाढवलेलं मोठ्या फळांचं वाण 1885 च्या सुमारास 'हिमालया जायंट' या नावाने आणलं. हिमालयाचा संबंध नावापुरताच. ही जात मूळची आर्मेनिया आणि उत्तर इराणच्या बाजूची. आज अमेरिकेच्या वायव्य भागात नदीकाठ आणि रस्त्यांच्या कडा तिने व्यापल्या आहेत, आणि चुकीचं नावही तिला चिकटलं ते चिकटलंच.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकात ब्लॅकबेरीच्या प्रसाराला हातभार लावला. वाटसरूंना खायला मिळावं म्हणून ते ओढ्याकाठी बिया टाकत जात, असं सांगतात. हेतू चांगलाच होता. 1999 मध्ये मात्र तिथल्या सरकारने राष्ट्रीय महत्त्वाची तणं म्हणून 20 नावं जाहीर केली, त्यांत ब्लॅकबेरी होती.

त्याआधीच तिच्यावर तांबेरा, म्हणजे पानांवर रोग पाडणारी बुरशी, सोडण्याचे प्रयत्न झाले होते. चिलीने 1973 मध्ये ही बुरशी आणली. ऑस्ट्रेलियात 1984 मध्ये कोणीतरी ती परवानगीशिवाय सोडली. तपासून निवडलेला अधिकृत प्रकार 1991 मध्ये आला. दमट भागात पानं गळतात, झुडूप खंगतं, पण सहसा मरत नाही. खणून काढावं तर तुटून राहिलेल्या मुळाच्या तुकड्यातून कोंब येतो, आणि उकरलेल्या मातीतल्या जुन्या बियांना पुन्हा ऊन लागतं.